मृत्युपत्र करताय? स्टॅम्प पेपरच्या आधी साक्षीदार बघा

मृत्युपत्र म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, स्टॅम्प पेपर कितीचा आणायचा? आणायचाच नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, साध्या कागदावर चालतं, हाताने लिहिलेलं चालतं, मराठीत तर चालतंच. रजिस्ट्रेशनची पण सक्ती नाही. तरी ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास विचारत फिरलात तर कुणीतरी पाचशेचा स्टॅम्प पेपर गळ्यात मारणारच, आणि तो घेतला की लोकांना वाटतं झालं काम पक्कं. पक्कं कशाने होतं ते वेगळंच आहे, आणि नेमकं तिथेच लोक ढिले असतात.

ते म्हणजे साक्षीदार. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ सांगतं की किमान दोन साक्षीदार हवेत, दोघांनीही तुम्हाला सही करताना बघितलेलं हवं किंवा ही सही माझीच असं तुम्ही स्वतः त्यांना सांगितलेलं हवं, आणि त्यांनी त्यांची सही तुमच्यासमोर करायला हवी. आता प्रत्यक्षात काय होतं, तर बाबा हॉलमध्ये सही करतात आणि मुलगा तो कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे जातो, काका चहा पिता पिता सही ठोकतात. उद्या कोर्टात काकांना विचारलं की तुमच्यासमोर सही झाली का, तर खरं बोलणारा माणूस नाहीच म्हणणार, आणि मृत्युपत्र तिथेच आडवं.

दुसरं, साक्षीदाराचं वय. मासुंदा तलावावर रोज सकाळी भेटणाऱ्या ग्रुपमधले दोघं घेतले जातात, सगळेच पंचाहत्तरच्या पुढचे. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर दोनपैकी निदान एक साक्षीदार हयात असेल तर तो उभा करावा लागतो, नसेल तर हस्ताक्षर ओळखणारी माणसं शोधत बसा. म्हणून तुमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, इथेच राहणारा, ज्याला तुमच्या इस्टेटीतून काहीच मिळणार नाही असा माणूस बघा. जावई नको, सूनबाई नको, ज्याला फ्लॅट देताय तो तर नकोच नको.

डॉक्टरचं सर्टिफिकेट कायद्याने कंपल्सरी नाही, पण सत्तरीच्या पुढे असाल तर घ्याच. हा कागद बहुतेकांकडे नसतो, आणि असतो तो चुकीचा असतो. एक तर तारीख पंधरा दिवस आधीची, किंवा मजकूर नुसता 'प्रकृती ठीक आहे'. आपल्याला हवं ते असं की ही व्यक्ती पूर्ण शुद्धीत आहे, काय करतेय ते तिला कळतंय आणि ती स्वतः निर्णय घेऊ शकते, आणि तारीख सहीच्याच दिवसाची. डॉक्टरच साक्षीदार व्हायला तयार असतील तर सोन्याहून पिवळं.

आणि मुलांनो, हे तुमच्यासाठी. सगळं ज्याला मिळणार त्यानेच वकील आणला, त्यानेच टाईप करून घेतलं, सहीच्या वेळी तोच शेजारी बसला, असं असेल तर कोर्टाला शंका येते आणि ती दूर करायची जबाबदारी त्याच्यावरच पडते, सुप्रीम कोर्टाने हे १९५९ पासून सांगितलंय. हेतू चांगला असला तरी त्या दिवशी बाहेर थांबा. कुणाला वगळायचं असेल तर का वगळलं ते एका वाक्यात आई-बाबांना लिहू दे, शिव्या न घालता.

मालमत्तेचं वर्णन. 'माझा राहता फ्लॅट मुलीला' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट समोर ठेवा आणि नाव कुणाकुणाचं आहे ते वाचा. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर तुम्ही फक्त तुमच्या हिश्श्याचं लिहू शकता, तेव्हा दोघांनी आपापलं वेगळं मृत्युपत्र करा. नौपाडा, पाचपाखाडीकडे तर आणखी एक भानगड आहे, रिडेव्हलपमेंट. मृत्युपत्रात 'दुसरा मजला, फ्लॅट नंबर ७' आणि बिल्डिंगच जमीनदोस्त! त्यामुळे 'पुनर्विकासात या फ्लॅटच्या बदल्यात मिळणारी जागा, भाडं आणि कॉर्पसची रक्कम' (कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ते एकरकमी पैसे) हे शब्द टाकाच, आणि शेवटी 'याशिवाय माझी जी काही मालमत्ता असेल ती' अमुकला, हेही टाका. पागडीची खोली मात्र मृत्युपत्राने देता येत नाही, भाडेकरूचा हक्क भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे बरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, हे चाळीतल्या लोकांना कुणी सांगतच नाही. नवी मुंबईत सिडकोच्या लीजवरची जागा असेल तर सोसायटीसोबत सिडकोच्या रेकॉर्डलाही नाव बदलावं लागतं, तेव्हा लीजचे कागद त्याच फाइलमध्ये ठेवा. मुस्लिम कुटुंबात साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, वारसांची संमती असेल तर गोष्ट वेगळी.

नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला? हे तर रोजचं. नॉमिनी मालक होत नाही. सोसायटीत तो वारसांचा निकाल लागेपर्यंत तात्पुरता सदस्य असतो, बँकेत तो पैसे घेतो पण हक्क वारसांचा. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी म्हणजे मालक नाही असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवलंत तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

आता रजिस्ट्रेशन. सक्तीचं नसलं तरी करा, फी शंभर रुपये, वर पानांप्रमाणे थोडं हाताळणी शुल्क. नोंदणी विभागाच्या साइटवर डेटा एंट्री करायची, वेळ घ्यायची, दोन्ही साक्षीदारांना आधार-पॅनसकट न्यायचं. चार महिन्यांच्या मुदतीची भीती बाळगू नका, ती विक्री करारासारख्या दस्तांना, मृत्युपत्र कधीही नोंदवता येतं. खारघर-पनवेलवाले विचारतात की आमचा जिल्हा रायगड मग वाशीला चालेल का, चालतं, मृत्युपत्राला हद्दीचं बंधन नाही. खरी गंमत अंगठ्याची. ऐंशीच्या आजींचा अंगठा मशीन घेतच नाही, रेषाच झिजलेल्या असतात, मग ऑपरेटर म्हणतो पुसा, परत ठेवा, जोरात दाबा, मागे रांग कुरकुरते. गर्दी कमी असेल त्या वेळेला जा, हाताला थोडं क्रीम लावून पुसून घ्या, बऱ्याचदा चालून जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अधिकारी घरी येऊ शकतात, कायद्यात तशी सोय आहे, पण अर्ज लेखी द्या आणि डॉक्टरचा दाखला जोडा, तोंडी विचारलंत तर 'तसं होत नाही' हेच ऐकायला मिळेल. आणि मुलांना कळेल ही धास्ती नको, तुम्ही हयात असेपर्यंत त्याची नक्कल तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्याराला सोडून कुणाला मिळत नाही.

तुमच्या पश्चात सोसायटीचा सेक्रेटरी मुलांना म्हणेल प्रोबेट आणा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. ती सक्ती होती ती मुंबई शहरापुरती, आणि २०२५ च्या अखेरीस उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम २१३ च काढून टाकलं. ठाण्यातला फ्लॅट आणि ठाण्यातच केलेलं मृत्युपत्र यांना हिंदूंच्या बाबतीत ती सक्ती नव्हतीच. लेखी मागा की कोणत्या नियमाखाली प्रोबेट हवं, आवाज लगेच खाली येतो. वारसांत खरंच भांडण असेल तर मात्र कोर्टात जावंच लागतं.

बक्षीसपत्र करून टाका, स्टॅम्प ड्युटी कमी आहे, असा सल्ला मुलांकडून आला तर जरा थांबा. मृत्युपत्र उद्या फाडून नवीन करता येतं, बक्षीसपत्र केलं की घर आजच गेलं. करायचंच असेल तर 'सांभाळ करेल या अटीवर' असं त्यात लिहून घ्या, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागताना आधार याच अटीचा असतो.

मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायला जो कागद लागेल तोच आत अडकून बसेल. आणि व्हेंटिलेटर नको वगैरे इच्छा मृत्युपत्रात लिहू नका, ते वाचेपर्यंत आयसीयूचा प्रश्न संपलेला असतो. त्यासाठी लिव्हिंग विल वेगळं करायचं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, जानेवारी २०२३ पासून मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक घरच्यांकडे आणि एक महापालिकेने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या, आणि पालिकेच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.