मसल कारचा हेडर आणि ‘बॅक प्रेशर’ची अफवा

‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर (धूर बाहेर पडताना होणारा उलटा अडथळा) लागतंच, नाहीतर पिकअप जातो.’ बुलेटचा सायलेन्सर बदलून देणाऱ्या आपल्याकडच्या गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. अमेरिकेत 1969 ची शेव्हेल किंवा कमारो या शेवरोलेच्या जुन्या गाड्या जपणारे हौशी लोकही नेमकं हेच सांगतात. दोन्हीकडे सांगणाऱ्याचा आत्मविश्वास दांडगा असतो आणि दोन्हीकडे ते चूक आहे. पिकअप जातो हे मात्र खरं. त्याचं कारण वेगळं आहे, आणि हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, विकत घेण्याआधी ते समजलं तर बरेच डॉलर वाचतात.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत कोंबलेलं भलंमोठं व्ही-8 (चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांचं) इंजिन. 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओपासून हा प्रकार रुळला. तिचं इंजिन 389 घन इंचांचं, म्हणजे 6.4 लिटरचं होतं. आपल्या मारुती 800 ची आठ इंजिनं एकत्र केल्यासारखं. पण धूर बाहेर काढायला कारखान्याने बहुतेक गाड्यांना दिला तो बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड. चार सिलिंडरांची तोंडं एकाच आखूड, जाड खोक्यात उघडणारी. स्वस्त, टिकाऊ, आवाज कमी. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची पोलादी नळी असते आणि चार नळ्या पुढे एका मोठ्या नळीत, कलेक्टरमध्ये, मिळतात.

आता खरी गंमत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन अजून खाली पोचलेलाही नसतो आणि आतला दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. त्यामुळे नळीत दाबाचा एक धक्का सुटतो. वायू स्वतः जितक्या वेगाने सरकतो त्याहून खूप पुढे हा धक्का पळतो, कारण तो ध्वनिलहरीसारखा जातो. बाहेरच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर; सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या धुरात तो 600 च्या आसपास. बारावीला अनुनाद नळी आणि नादकाट्याचा प्रयोग केला असेल तर पुढचं ओळखीचं वाटेल: नळीच्या उघड्या तोंडाशी पोचलेलं संपीडन विरलन होऊन मागे परततं. म्हणजे दाब घेऊन गेलेली लहर ओढ घेऊन व्हॉल्व्हकडे येते.

ती कधी येते यावर सगळा खेळ आहे. एक्झॉस्टचा फेरा संपताना पिस्टन अगदी वर असतो, तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरतेच. शेवरोलेच्या 350 घन इंची इंजिनात, कंप्रेशन गुणोत्तर (पिस्टन तळाला आणि वर असतानाच्या जागेचं प्रमाण) 10 धरलं, तर ही जागा दर सिलिंडरला सुमारे 80 घन सेंटिमीटर भरते. तिथला जळका वायू पिस्टन ढकलून काढू शकत नाही. पण नेमक्या याच वेळी इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो आणि एक्झॉस्ट पूर्ण मिटलेला नसतो; याला ओव्हरलॅप म्हणतात. या क्षणी विरलन व्हॉल्व्हपाशी हजर असेल तर ते जळका वायू ओढून घेतं आणि पिस्टन खाली यायच्या आतच ताजं मिश्रण आत खेचू लागतं. फुकटचा पंप!

आकडे मांडू. व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याच्या 70 अंश आधी उघडला, तर तिथून या ओव्हरलॅपच्या मध्यापर्यंत क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) 250 अंश फिरतो. 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेरे) त्याला सुमारे 7 मिलिसेकंद लागतात. 90 सेंटिमीटरच्या नळीत लहरीची जा-ये 3 मिलिसेकंदांत होते. मग बाकीचे 4? एक तर धक्का टाचणीसारखा बारीक नसतो. त्याचा कळस व्हॉल्व्ह उघडल्यावर मिलिसेकंद-दीड मिलिसेकंदाने येतो. दुसरं, लहरीचा काही भागच नळीच्या तोंडाशी उलटतो, उरलेला कलेक्टरच्या टोकापर्यंत जाऊन तिथून परततो. कलेक्टर 45 सेंटिमीटरचा असेल तर त्याची फेरी साडेचार मिलिसेकंदांची. दोन्ही मिळून ओढीचा पट्टा लांबतो आणि ओव्हरलॅपपर्यंत पुरतो. 3000 आरपीएमला मात्र त्याच 250 अंशांना 14 मिलिसेकंद लागतात. ओढ केव्हाच येऊन गेलेली असते.

म्हणून लांब नळ्या खालच्या आरपीएमला साथ देतात, आखूड नळ्या वरच्या. आणि म्हणूनच रस्त्यावर चालवायच्या गाडीला जाडजूड रेसिंग हेडर लावला की सिग्नलवरून निघताना ती मरगळते. 1⅝ इंचाऐवजी 1⅞ इंची नळी घेतली तर आतलं क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्तच वाढतं, वायूचा वेग तेवढ्या प्रमाणात मंदावतो आणि धक्काही सौम्य होतो. शिवाय धूर मोकळा झाल्यावर कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) तेच ठेवले तर मिश्रण पातळ होतं. मालक म्हणतो, बॅक प्रेशर गेलं. गेलेला असतो वेग आणि वेळेचा मेळ.

व्ही-8 ची आणखी एक खोड आहे. शेवरोलेचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. डाव्या बाजूला 1, 3, 5, 7. क्रमात 5 आणि 7 लागोपाठ, फक्त 90 अंशांच्या फरकाने. 5 चा धूर निघत असतानाच शेजारच्या 7 चा धक्का येतो. बिडाच्या खोक्यात तो थेट आदळतो, हेडरमध्ये त्याला दोन नळ्यांचं अंतर कापावं लागतं. दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींत गुंफून धक्के समान अंतरावर आणण्याचा उपाय फोर्डच्या जीटी40 या रेसिंग गाडीने केला होता, पण तिथे इंजिन मागे होतं. मसल कारच्या बॉनेटखाली त्याला जागा नाही.

हेडरच्या वेष्टनावरच्या ‘+30 हॉर्सपॉवर’ला फार भुलू नये. या आकड्यांची परंपराच फुगवट्याची आहे. कॉर्व्हेटमधलं एलटी-1 इंजिन 1971 ला 330 हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं गेलं आणि 1972 ला 255 चं. इंजिन जवळपास तेच, मोजणी सुट्या इंजिनाऐवजी सर्व साजासकट झाली इतकंच. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवणारे विक्रेते तर दोन्ही देशांत आहेत. त्यापेक्षा बंपरला टांगलेली लिंबू-मिरची स्वस्त पडते आणि परिणाम सारखाच.

तेव्हा आधी कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप ठरवणारा दांडा) कोणता आणि गाडी कुठल्या आरपीएमला जास्त चालते ते बघा. मूळ कॅमचा ओव्हरलॅप कमी असेल तर ओढीला काम करायला वावच थोडा. साधारण 350 ला 1⅝ इंची लांब नळ्या पुरतात. दणकट कॅम आणि मोकळी हेड (सिलिंडरांवरची व्हॉल्व्हची झाकणं) असतील तर 1¾. बिगब्लॉकला (आकाराने मोठ्या व्ही-8 ला) त्याहून मोठ्या. फ्लँज (इंजिनाला बोल्टने बसणारी पट्टी) जाड घ्या, ⅜ इंच चांगली. पातळ फ्लँज तापून वाकते. सिरॅमिक लेप परवडत असेल तर करा, उष्णता वायूत राहते आणि बॉनेटखाली भाजत नाही.

आणि ऑर्डर देण्याआधी गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा. स्टिअरिंगचा दांडा, स्टार्टर, क्लचची जोडणी यांतून नळ्या जायच्या असतात. मागच्या स्पार्क प्लगला पाना बसतो का तेही आत्ताच बघा. बसवल्यावर दोन-तीनदा इंजिन तापून गार झालं की बोल्ट पुन्हा आवळा. गार इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू आली तर व्हॉल्व्हवर संशय घेण्याआधी गॅस्केट तपासा.