परसात दडून बसणाऱ्या पक्ष्यांचे फोटो

घराच्या मागच्या अंगणात, वाडीत, परसबागेत रोज येणारे पण पानात नाहीतर पाचोळ्यात बेमालूम मिसळून जाणारे पक्षी हुडकून त्यांचे फोटो काढणं, हा पक्षी-फोटोग्राफीतला घरबसल्या करायचा पण चिकाटी बघणारा प्रकार. महाराष्ट्र-गोव्यात यात मुख्यतः तांबट, हरियल, सुभग (पिवळसर-हिरवा छोटा पक्षी), ढोकरी (छोटा बगळा), रातवा, पिंगळा आणि छोटं शिंगवालं घुबड ही मंडळी येतात. बुलबुल-साळुंक्या आपणहून समोर येऊन बसतात, त्या यात धरायच्या नाहीत. जंगलापेक्षा परसाचा मोठा फायदा म्हणजे तोच पक्षी त्याच फांदीवर परत परत येतो, त्यामुळे पक्ष्याच्या मागे पळायचं नसतं, त्याची बैठक हेरून कॅमेरा आधीच तिकडे रोखून बसायचं असतं. लोक नेमकं उलट करतात, पानं हलली की कॅमेरा उचलतात, आणि मग फोटोत येते ती नुसती हललेली फांदी.

पक्षी दिसत नाही याला रंग कारणीभूत असतोच, पण अंगाचा गोलपणा पुसला जाणं हे त्याहून मोठं कारण. अॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये हे मांडलं: बऱ्याच प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, वरून उजेड पडला की पाठ उजळते, पोट सावलीत जातं आणि दोन्ही जवळपास सारखं दिसून अंगाचा उठावच जातो. पुढे थेअर जरा वाहवत गेले, फ्लेमिंगो गुलाबी असतो तो सूर्यास्ताच्या आकाशात लपायला इथपर्यंत पोचले, पण मूळचा मुद्दा आजही मानला जातो. फोटो काढणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं की डोक्यावरचं ऊन पक्ष्याच्या फायद्याचं आणि तिरपं ऊन आपल्या. सकाळी कोवळं ऊन बाजूने आलं की छातीची एक कड उजळते, मागे सावली पडते, आणि मघाशी नुसती पानं होती तिथे पक्षी असतो. समोरून फ्लॅश मारला तर उठाव परत सपाट होतो, शिवाय रात्रीच्या पक्ष्यांच्या डोळ्यांना त्रास, त्यामुळे फ्लॅश नकोच.

रातवा हा यातला सगळ्यात अवघड. गावाबाहेरच्या, माळाला लागून असलेल्या घरांच्या मागे तो दिवसा वाळक्या पानांवर, दगडगोट्यांत बसतो, अंडीही सरळ उघड्या जमिनीवर घालतो, घरटं बिरटं काही नाही. माणूस जवळ आला तरी उडत नाही, डोळे मिटून बारीक फट ठेवतो. हे डोळे मिटणं महत्त्वाचं, कारण सगळ्या अंगावर तपकिरी-करड्या रेघोट्या आणि ठिपके असताना काळाभोर गोल डोळाच तेवढा उघडा पडला असता. झांबियात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, त्यात असं दिसलं की रातव्यांसारखे शेवटपर्यंत बसून राहणारे पक्षी असतील तर अंडी वाचणं हे आईबापाच्या पिसांवरची नक्षी आजूबाजूशी किती जुळते यावर ठरतं, आणि धोका दिसताच लांबूनच पळणाऱ्या टिटवीच्या जातकुळीतल्या पक्ष्यांमध्ये ते अंड्यांवरचा गडद-फिका फरक आजूबाजूशी किती जुळतो यावर. म्हणजे रातवा उठला तर अंडीही उघडी पडतात, म्हणून त्याने डोळे टक्क उघडले तर आपण फार पुढे आलोय, तिथूनच गुपचूप मागे फिरायचं.

ढोकरीची गंमत वेगळी. विहिरीच्या कडेला, माडांमधल्या पाटाशी, शेवाळलेल्या टाकीजवळ मान आखडून उभी असते तेव्हा सगळी मातकट, रेघारेघांची, पायात येईपर्यंत कळत नाही, आणि उडाली की पांढरीशुभ्र! उभी असताना शटरचा वेग कमी ठेवला तरी चालतो, पण तेच सेटिंग ठेवून उडतानाचा फोटो घेतला तर पंख हलून जातात आणि पांढऱ्या रंगात पिसांचा एक तपशील उरत नाही. उडतानाचा हवा असेल तर एक्स्पोजर आधीच एखादा स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्मा) आणि शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवून बसावं, कारण ती उडायच्या आधी कळवत नाही.

हिरव्यात हिरवं ही तांबट, हरियल आणि सुभगची तऱ्हा. तांबटाचा टुक टुक टुक दुपारभर चालू असतो पण आवाजाच्या दिशेने बघून काही हाती लागत नाही, कारण बोलताना तो डोकं इकडून तिकडे फिरवतो आणि आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा सकाळी झाडाच्या शेंड्याच्या वाळक्या फांद्या बघाव्यात, तिथे तो उन्हाला येऊन बसतो, आणि वठलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला सुबक गोल भोक दिसलं तर मुक्काम तिथेच. हरियल म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पिंपळ-उंबरावर थवाच्या थवा बसलेला असतो, खाली फळं टपटपत असतात आणि वर एक पक्षी दिसेल तर शपथ. पिवळे पाय शोधावेत, पानात तो रंग पटकन उठतो. तो जमिनीला पाय लावत नाही असं लोक सांगतात, पण पाणी प्यायला उतरतो कधीमधी. गर्द झाडीत कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) हिरव्याने फसतो, म्हणून फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून रंग नंतर सावकाश जुळवलेले बरे.

घुबडं आणि पिंगळे शोधायला मात्र दुसऱ्या पक्ष्यांची मदत होते, भर दिवसा बुलबुल, दयाळ आणि खारी एकाच फांदीकडे तोंड करून कलकलाट करत असतील तर तिथे बहुतेक कोणीतरी बसलंय. झाडाखाली पांढरी शिट, केस-हाडांच्या ओकलेल्या गोळ्या हीही खूण.

कॅमेऱ्याचा खरा घोळ फोकसचा. पक्षी पानांआड, आणि ऑटोफोकस पकडतो पुढचं पान. अलीकडचे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखतात, पण डोळाच मिटलेला असेल तर तेही चाचपडतात, तेव्हा एकच छोटा फोकस पॉइंट नाहीतर सरळ हाताने फोकस. पक्षी पाठीमागच्या पानांपासून वेगळा काढायचा तर फार उघडं अॅपर्चर (लेन्सचं भोक) लावण्यापेक्षा आपण दोन पावलं सरकून मागे लांबचं काहीतरी येईल असं बघणं जास्त कामाचं. आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये आजूबाजूचं सगळं काळं करून पक्षी चमकवायची जी फॅशन आहे ती या प्रकारात पार फसते, कारण लपलेला पक्षी लपलेलाच दिसायला हवा, बघणाऱ्याला शोधायला दोन सेकंद लागले तर फोटो जमला.

लपण्यासाठी इंग्लंडच्या कीर्टन बंधूंनी १९०० च्या सुमारास चक्क पोकळ बैल बनवून घेतला होता, आतून फोटो काढायला. परसात एवढा खटाटोप नको, स्वयंपाकघराची खिडकी, अर्धा ओढलेला पडदा आणि लेन्स टेकवायला गजाखाली तांदळाची पिशवी पुरते.

घरट्याच्या वाटेला जाऊ नये. एरिक हॉस्किंग या नावाजलेल्या ब्रिटिश फोटोग्राफरचा १९३७ मध्ये घरट्याजवळ घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गेला, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी डिवचणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणंही वाईटच, विणीच्या दिवसात तर त्याची सगळी शक्ती खोट्या शत्रूला हाकलण्यात जाते. घुबडाची जागा ग्रुपवर टाकली की रविवारी अंगणात रांग लागते, हे वेगळं.

फोटो अर्धवट आला तरी फेकू नये, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट (परसातले पक्षी मोजून नोंदवायची मोहीम) असतो, भारतात तो २०१३ पासून होतो, तिथे नोंदीसोबत जोडायला पानातून डोकावणारा अर्धा तांबटही चालतो. रातव्याचं मात्र फोटोवर भागत नाही, त्याच्या दोन-तीन जाती दिसायला इतक्या सारख्या की पिसं बघून वाद संपत नाहीत. साध्या रातव्याचा आवाज फरशीवर टप्पे खात थांबणाऱ्या चेंडूसारखा, बाकीच्यांचा वेगळा, म्हणून संध्याकाळी तो बोलायला लागला की मोबाइलवर मिनिटभर रेकॉर्ड करून तो आवाज फोटोसोबतच जोडून द्यावा.