एकच कासं, घंटेत वेगळं आणि थाळीत वेगळं

तांब्याचा हंडा जरा कुठे आपटला की पोचा पडतो. कथिल तर सुरीनं कापता येतं. या दोन मऊ धातूंचा रस एकत्र केला की मात्र खणखणीत कासं तयार होतं.

शुद्ध धातूत अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून तो सहज वाकतो. कथिलाचा अणू तांब्याच्या अणूहून मोठा. तो मध्ये शिरला की थर अडखळतात. कथिल १० टक्क्यांच्या आसपास असेल तर मुख्यतः एवढंच घडतं. कांस्ययुगातली बरीचशी हत्यारं याच घडणीची.

थाळ्या-वाट्यांच्या काशात कथिल साधारण २२ टक्के असतं. थंड तांब्यात एवढं मावत नाही. रस सावकाश निवला तर जादा कथिल तांब्याशी ठरावीक हिशेबानं बांधलं जातं: तांब्याचे ४१ अणू, कथिलाचे ११. त्याचे कण कडक, पण ठिसूळ. घंटेला हे सोयीचंच. टोला बसला की ऊर्जा धातूत जिरत नाही, नाद लांबतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्या याच जातीच्या, ओतीव. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच मानतात.

थाळीला हा ठिसूळपणा चालत नाही. गार कासं ठोकलं तर तडकतं, म्हणून कारागीर ते लालभडक असतानाच ठोकतात, रंग उतरला की पुन्हा भट्टीत. सगळ्यात शेवटी तापलेली थाळी सरळ पाण्यात! पोलादाचं असं केलं तर ते कडक आणि ठिसूळ होतं. काशाचं उलट, ते चिवट होतं. झटकन गार झाल्यामुळे ते ठिसूळ कण तयार व्हायला सवडच मिळत नाही. माझ्या मते धातुशास्त्रातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे आणि ती कारागिरांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय शोधली.

पितळेचं एवढं कौतुक करावं लागत नाही. तांब्यात ३० टक्के जस्त बिनबोभाट विरघळतं, त्यामुळे पितळेचा पत्रा गारच यंत्रात दाबता येतो. काशाची तळपायाला घासायची वाटी महाग पडते ती यामुळे, शिवाय कथिलही महागच. दुकानात टिचकी मारून बघा: चांगल्या काशाचा नाद रेंगाळतो, पितळेचा लवकर विरतो.