अर्धवेळ पीएचडी आणि हायब्रिड डॉक्टरेट: नोकरी करणाऱ्या समुपदेशकाने कशात पडावं?

नागपुरातल्या शाळा-कॉलेजांत काम करणाऱ्या समुपदेशकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून एक जाहिरात फिरते: 'नोकरी सांभाळून हायब्रिड पीएचडी, घरबसल्या'. खाली कुणीतरी विचारतंच, "ही आपल्या विद्यापीठाच्या पार्ट टाइमसारखीच ना?" नाही. हायब्रिड म्हणजे बरेचसे वर्ग ऑनलाइन आणि थोडे दिवस कॅम्पसवर. दोन्ही नोकरदारांसाठी आहेत, एवढंच साम्य. अर्धवेळ पीएचडीत वेळेची सवलत मिळते, हजेरीची नाही. हायब्रिडमध्ये हजेरीची सवलत मिळते, पण वेळ तिथलं विद्यापीठ ठरवतं.

आधी आपल्याकडची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२चे. त्यात अर्धवेळ पीएचडीला स्पष्ट मान्यता आहे, पण अट अशी की बाकी सगळे नियम पूर्णवेळवाल्यांचेच. प्रवेशाची चाळणी तीच, कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट तेच, दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीसमोर उभं राहून प्रगती सांगणं तेच, प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जाणं आणि शेवटी तोंडी परीक्षा, हेही तेच. मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणी करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. समुपदेशनात बायकांची संख्या पाहता ही ओळ जाहिरातींत का ठळक छापत नाहीत, कळत नाही.

याच नियमावलीत असंही लिहिलंय की कोणत्याही संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी चालवू नये. त्याच्या जरा आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, यूजीसी आणि तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने मिळून जाहीर सूचना काढली होती: एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएचडी विकतात, त्यांना मान्यता नाही. म्हणजे इथल्या कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल, बढती हवी असेल, तर 'घरबसल्या'चा विषय इथेच संपतो.

अर्धवेळवाल्याची खरी परीक्षा मात्र पेटची, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची, नाही; एनओसीची, म्हणजे नोकरीच्या ठिकाणच्या ना-हरकत पत्राची आहे. बहुतेक जण मुख्याध्यापकांकडून एका ओळीचं पत्र आणतात, 'आमची हरकत नाही', आणि ते पुरत नाही. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या लागतात: उमेदवाराला अर्धवेळ शिक्षणाची परवानगी आहे, नोकरीचं काम सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करायला त्याला कामातून मोकळं केलं जाईल. पहिल्या दोन ओळींवर संस्थाचालक सही करतात. तिसरीवर पेन थांबतं, कारण बदली माणूस कुठून आणायचा? बहुतेक शाळांत समुपदेशक एकच असतो, आणि तोही परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणाला जुंपलेला. म्हणून गाइड शोधण्याआधी हे पत्र मिळेल की नाही, ते बघा.

गाइडचं गणितही डोळ्यांसमोर ठेवा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी, याहून जास्त नाही. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. मानसशास्त्रात गाइड मुळात मोजके, तेव्हा ओळखीतले सर कितीही आपुलकीने बोलले तरी जागा आहे का हे आधी विचारायचं. आणि पदवी बहुधा 'समुपदेशन' या नावाने मिळत नाही. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य यांपैकी एका विषयात नोंदणी होते आणि समुपदेशन तुमच्या शीर्षकात येतं.

आता ती दुसरी. हायब्रिड डॉक्टरेट हा मूळचा अमेरिकेतला प्रकार, आणि तिथे तो पूर्ण प्रतिष्ठित आहे. तिथल्या समुपदेशनाच्या डॉक्टरेटचं नाव 'काउन्सेलर एज्युकेशन अँड सुपरव्हिजन'. तिला मान्यता देणारी संस्था सीएसीआरईपी, स्थापना १९८१. या अभ्यासक्रमाचा भर पाच गोष्टींवर असतो: समुपदेशन, सुपरव्हिजन (शिकाऊ समुपदेशकांच्या कामावरची देखरेख), अध्यापन, संशोधन आणि नेतृत्व व लोकांच्या हक्कांसाठी पाठपुरावा. ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते. वर्ग बराचसा पडद्यावर, मधूनमधून काही दिवस कॅम्पसवर जाऊन राहायचं, त्याला रेसिडेन्सी म्हणतात. ही पदवी समुपदेशक घडवणाऱ्यांसाठी आहे, समुपदेशक व्हायला नाही. तिथे प्रॅक्टिसचा परवाना मास्टर्सनंतर देखरेखीखालचे तास पूर्ण करून मिळतो. डॉक्टरेटची गरज नसते. हे इथे फार कमी जणांना माहीत असतं.

नागपुरातून हे करायचं म्हणजे काय, तेही पाहू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाचा वर्ग म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. वर्ग आटोपून आंघोळ करून सातच्या शाळेला पळायचं. पहिला महिना हौसेने निघतो. फी डॉलरमध्ये, रेसिडेन्सीचं तिकीट आणि व्हिसा वेगळा. ज्यांना अमेरिकेत जाऊन विद्यापीठात समुपदेशन शिकवायचंच आहे, त्यांनी या वाटेचा जरूर विचार करावा. इतरांसाठी हा महागडा हट्ट आहे, असं माझं मत.

एक गैरसमज मात्र दोन्हीकडे सारखाच. नावाआधी 'डॉ.' लागलं की उपचार करायचा अधिकार मिळतो, असं अनेकांना वाटतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी लागते. पीएचडी त्याची जागा घेत नाही. समुपदेशकांचा व्यवसाय २०२१च्या राष्ट्रीय सहबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत येतो, ती वाट वेगळी. म्हणून पाटीवर 'डॉ.' लिहिलंत तर खाली विषयही लिहा, नाहीतर धरमपेठेतला एखादा आजोबा गोळ्यांची चिठ्ठी मागायला यायचा. आणि नुसतं सहायक प्राध्यापक व्हायचं असेल, तर १ जुलै २०२३ पासून नेट-सेट या पात्रता परीक्षा हीच किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. पुढच्या पदांना मात्र ती लागतेच.

अर्धवेळ वाट धरलीत तर सर्वांत जास्त डोकं डेटावर लावा. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा मिहान या नागपूरच्या उद्योग क्षेत्रातल्या कंपनीत काम करणाऱ्याला वर्षभर माणसं भेटतात. शाळेतल्याला नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या मागून. जुलैत प्रवेश आणि पालकसभा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी, जानेवारीपासून प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. प्रश्नावली भरून घ्यायला ऑगस्ट-सप्टेंबर आणि दिवाळीनंतरचे काही आठवडे, एवढाच काळ मोकळा मिळतो. तो हुकला की वर्ष गेलं.

त्यातही आपल्याच खोलीत समुपदेशनाला येणारी मुलं नमुना म्हणून घेऊ नका. पालकांची सही असली तरी नववीतली मुलगी 'मॅडम, मला नाही भरायचं' असं तुमच्या तोंडावर म्हणणार नाही. उद्या तिला तुमच्याच समोर बसून रडायचं असतं. दुसऱ्या शाळेतली मुलं घ्या, फॉर्म तिथल्या वर्गशिक्षिकेला वाटू द्या, आणि ही अदलाबदल नैतिकता समितीकडे जाणाऱ्या आराखड्यातच लिहून ठेवा. त्या दुसऱ्या शाळेच्या परवानगीचं पत्र एनओसीसोबतच मागून घेतलंत तर पहिल्याच वर्षाचा ऑगस्ट महिना हातातून जाणार नाही.