नोझलचा ‘खट्’ आणि टाकीचा श्वास

पंपावरच्या मुलाने तिसऱ्यांदा नोझल आत-बाहेर करून पाहिलं आणि हात टेकले. दोन-तीन सेकंद पेट्रोल जायचं, की ‘खट्’! मशीन बंद. काटा तर पावाच्याही खाली होता. मागे रांग वाढत चालली होती. “काका, मशीन बरोबर आहे. तुमच्या टाकीत हवा धरतेय,” तो म्हणाला. मला ती टाळाटाळ वाटली. पुढे एका जाणत्या मेकॅनिकबरोबर गाडीखाली वाकून पाहिलं तेव्हा कळलं, त्या मुलाचं निदान अचूक होतं.

टाकी भरली हे नोझलला कळतं कसं? आत एखादा सेन्सर असेल, तार असेल, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात या ‘ऑटो कट’साठी विजेचा एक थेंबही लागत नाही. पुढच्या वेळी नोझलच्या नळीचं टोक नीट पाहा. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढं एक बारीक भोक दिसेल. त्या भोकापासून एक सडपातळ नळी आतल्या आत मुठीपर्यंत गेलेली असते. मुठीत पेट्रोलची वाट एका जागी मुद्दाम अरुंद केलेली असते. अरुंद वाटेतून द्रव वेगाने जातो, आणि वेग वाढला की तिथला दाब उतरतो. इटलीच्या जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरी या शास्त्रज्ञाने 1797 साली हे प्रयोगांनी मांडलं. आपल्याकडे पूर्वी डासांसाठी घरोघरी जो फ्लिटचा पंप असायचा, तोही याच तत्त्वावर औषध वर ओढून घ्यायचा.

तर पेट्रोल वाहत असताना त्या अरुंद जागी ओढ तयार होते आणि टोकाच्या भोकातून हवा सतत आत खेचली जाते. जोवर हवा मिळतेय तोवर सगळं सुरळीत. टाकी भरत आली, पेट्रोल गळ्यापर्यंत चढलं आणि भोक बुडालं, की हवा बंद होते. पण ओढ चालूच असते. मग ती मुठीतला रबरी पडदा खेचते, पडद्यामुळे आतली कडी सुटते आणि स्प्रिंग झडप मिटवते. तोच तो ‘खट्’.

यातली मर्माची गोष्ट अशी की टाकीत पाच लिटर आहेत की पस्तीस, हे नोझलला ठाऊकच नसतं. त्याला एवढंच कळतं की आपल्या भोकाला हवा मिळतेय की नाही. त्यामुळे टाकी रिकामी असूनही भोकावर पेट्रोलचा शिंतोडा आला, फेस आला किंवा उलट लाट आली, तर ते तितक्याच इमानाने बंद होतं. त्या क्षणी त्याच्या लेखी टाकी भरलेलीच असते.

मग रिकाम्या टाकीतून पेट्रोल उलटं वर का येतं? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. अरुंद तोंडाच्या बाटलीत नरसाळं घट्ट बसवून गोडेतेल ओता. थोडं तेल जातं आणि मग नरसाळ्यातच तुंबून राहतं. आई येते, नरसाळं बोटभर वर उचलते, आणि तेल भळभळ खाली जातं. बाटली रिकामी कधीच नव्हती, हवेने भरलेली होती. हवेला बाहेर पडायला वाट मिळाली तेव्हाच तेलाला जागा झाली.

गाडीच्या टाकीचंही तसंच आहे, फक्त वेग प्रचंड. मोटारींसाठीच्या नोझलमधून मिनिटाला साधारण 30 ते 40 लिटर इंधन येऊ शकतं. म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर आत, आणि त्याच सेकंदात तेवढीच हवा नि पेट्रोलची वाफ बाहेर. यासाठी भरण्याच्या जाड नळीशेजारून एक बारीक नळी, ब्रीदर पाइप, टाकीच्या वरच्या भागातून तोंडाकडे आलेली असते. टाकीचं नाकच म्हणा ना! ते चोंदलं की कोंडलेली हवा जाड नळीतूनच वर उसळते, येताना पेट्रोल घेऊन येते, आणि नोझल मिटतं.

अमेरिकेत 1998 च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने गाड्यांना असं बंधन आलं, की भरतानाची वाफ बाहेर न सोडता गाडीतच धरून ठेवायची. तिथे ती वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते. डब्यात सक्रिय कोळसा असतो. याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो, म्हणून मूठभर कोळसा बरीच वाफ शोषतो. इंजिन चालू झालं की ती वाफ ओढून जाळली जाते आणि कोळसा पुन्हा मोकळा होतो. आपल्या गाड्यांतही कॅनिस्टर असतो, मुख्यतः उभ्या गाडीच्या टाकीत तयार होणाऱ्या वाफेसाठी. तिकडच्या गाड्यांत सारखा ‘खट्’ होऊ लागला की पहिला संशय कॅनिस्टर आणि त्याच्या झडपेवर जातो. आपल्याकडे आधी ब्रीदर पाइप तपासावा असं माझं मत आहे.

पण गाडीखाली शिरण्याआधी पंपावरच बरंच काही कळतं. नोझल दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ओढून धरायला सांगा. पुष्कळदा टोक नळीच्या वळणावर टेकलेलं असतं आणि धार भिंतीवर आपटून भोकावर उडते. तेवढ्याने भागलं नाही तर नोझल पाव फेरा डावी-उजवीकडे वळवून पाहावं, म्हणजे भोकाची दिशा बदलते. नोझल खाली झुकलेलंच राहू द्या. पुष्कळ नोझलमध्ये हवेच्या नळीत एक छोटी गोळी असते. नोझल आडवं किंवा वर तोंड करून धरलं, की ती गोळी घरंगळून वाट बंद करते. जमिनीवर पेट्रोल सांडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. एवढं करूनही थांबत असेल तर खटका अर्धाच दाबून हळू भरायचं. डिझेलवाल्यांनी तर हे आधी करावं, कारण डिझेलला फेस जास्त येतो.

आता खरी परीक्षा म्हणजे दुसरा पंप. तिथे गाडी निमूट भरली, तर आधीच्या नोझलचं भोक कचऱ्याने बुजलं असेल किंवा तिथला प्रवाह फार जोरात असेल. चार पंपांवर तेच रडगाणं असेल, तर दोष गाडीत आहे. आणि हळू भरल्यावर जात असेल, तर नाक पूर्ण बंद नाही, चोंदलेलं आहे. मेकॅनिकला नेमकं हे सांगा, त्याचं निम्मं काम होईल.

श्वासाच्या वाटा अडवणारी मंडळीही नाना तऱ्हेची. धूळ, चिखल, भिंतीवर मातीची घरटी बांधणारी कुंभारीण माशी. माझदा कंपनीला 2011 साली उत्तर अमेरिकेतल्या सुमारे 65,000 गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण एका जातीचे पिवळे कोळी टाकीच्या श्वासनळीत जाळी विणत होते आणि दाबाने टाकीला तडा जायची भीती होती. 2014 मध्ये त्याच कारणासाठी आणखी गाड्या बोलवल्या गेल्या.

कॅनिस्टर बिघडतो तो मात्र बहुधा आपल्याच हाताने. पहिल्या ‘खट्’नंतर “राउंड फिगर करा” म्हणत आपण आणखी पेट्रोल ढोसायला लावतो. टाकीत वर सोडलेली जागा रिकामी दिसली तरी फुकट नसते. जमिनीखालच्या हौदातलं पेट्रोल तुलनेने गार असतं. उन्हात ते 15 अंशांनी तापलं, तर 40 लिटरचं आकारमान अर्ध्या लिटरहून जास्त वाढतं. ते जाणार कुठे? वाफेसाठी असलेल्या कोळशात द्रव पेट्रोल शिरलं की तो चिंब होतो आणि डबा बदलायची वेळ येऊ शकते. शिवाय तोंडाशी वाकून पाहणाऱ्या त्या मुलाच्या नाकात दिवसभर वाफ जाते, आणि पेट्रोलमध्ये कर्करोगकारक बेंझीन असतं. आपल्या चाळीस रुपयांच्या राउंड फिगरसाठी त्याने ती आणखी का हुंगावी?

स्कूटर-मोटारसायकलची गोष्ट वेगळी. तिथे टाकी उथळ, नोझल खोल जातच नाही, म्हणून डोळ्यांनी पाहूनच भरावं लागतं. ऑटो कटवर विसंबू नये.

आमच्या गाडीचं म्हणाल, तर दोन महिन्यांपूर्वी इंधनाचा पंप बदलायला एका गॅरेजमध्ये टाकी खाली उतरवली होती. परत चढवताना ब्रीदर पाइप टाकी आणि पत्र्याच्या मधे दुमडला गेला होता, बागेतल्या पाण्याच्या पाइपाला घडी पडते तसा. मेकॅनिकने टाकीचे बोल्ट ढिले केले, नळी सरळ केली, क्लिप बसवली. त्यानंतर मी मुद्दाम त्याच पंपावर गेलो. तोच मुलगा होता. नोझल लावून त्याने कान टाकीशी नेला आणि म्हणाला, “आता घेतेय बघा.” बत्तीस लिटर एका दमात गेले.