पार्श्वभूमी : खान्देशातले बिनटाक्याचे उपचार आणि मेडिक्लेमची 24 तासांची अट

सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई नि बारीक नळीवाटे उपचार करण्याची पद्धत नवी नाही. पायाची आकसलेली धमनी चिरफाड न करता आतून रुंद करण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत 1964 मध्ये एका रेडिओलॉजिस्टनेच केला. आपल्याकडे मात्र रेडिओलॉजिस्ट म्हणजे रिपोर्ट देणारा डॉक्टर, ही ओळख आजही पक्की आहे. त्यामुळे अशा उपचारांसाठी नंदुरबारचा पेशंट सुरतला, शिरपूरचा इंदूरला आणि जळगावचा नाशिक-मुंबईला जात राहिला.

मेडिक्लेम 1986 मध्ये आला, तो 24 तास भरती राहण्याची अट घेऊनच. तेव्हा ती रास्त होती, कारण ऑपरेशन म्हटले की चार-आठ दिवस दवाखाना ठरलेलाच. पुढे उपचार आखूड झाले आणि अट तशीच राहिली. मग 'डे-केअर'ची सोय आली. खरा गुंता तिच्या व्याख्येत आहे. भूल देऊन केलेला जो उपचार तंत्र सुधारल्यामुळे 24 तासांच्या आत उरकतो, पण एरवी त्यासाठी जास्त काळ भरती राहावे लागले असते, तो मान्य. जो सहसा ओपीडीतच होतो, तो अमान्य.

हे 'एरवी' कोणी ठरवायचे? पायाच्या फुगलेल्या नसांवरचे लेसर घ्या. जुन्या पद्धतीत ती नस ओढून काढत आणि पेशंटला भरती करत. त्या हिशेबाने लेसर डे-केअरमध्ये बसायलाच हवे. डायलिसिसच्या पेशंटच्या हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग, अरुंद झाला तर तो फुग्याने उघडून पेशंट संध्याकाळी घरी जातो. हा फुगा नसता तर फिस्टुला ऑपरेशन करून नव्याने करावा लागला असता. तरीही 'भरतीची गरज नव्हती' असा शेरा मारून क्लेम परत येतात. सीटीवर बघून घेतलेली बायोप्सी तर 'फक्त तपासणी' या कलमात अडकते. पेशंट लवकर घरी जातो हा उपचाराचा गुण, आणि नेमका तोच त्याच्या विरोधात वापरला जातो. हे अन्यायाचे आहे. क्लेम मिळावा म्हणून गरज नसताना एक रात्र खाट अडवण्याची सवय याच अटीने लावली.

2019 मध्ये विमा नियामकाने 12 आधुनिक उपचारांची यादी काढली आणि ते पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे सांगितले. गर्भाशयाच्या गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार त्यात आहे. गर्भपिशवी काढण्याला पर्याय मिळालेल्या बाईसाठी ही मोठी गोष्ट होती. पण कंपन्यांना मर्यादा घालण्याची मुभा राहिली. 2020 च्या प्रमाणित पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्मी आहे. लेसरने नस बंद करणे या यादीत नाही, शिवाय पायाच्या नसांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते.

सरकारी योजनेची वाट वेगळी. राज्य सरकारची जीवनदायी योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगाव आणि नंदुरबारला नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावे लागले. या योजनेत 24 तासांचा वाद नाही. उपचार पॅकेजच्या यादीत असला तर मिळतो. 2024 पासून कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले.

आणखी एक गोष्ट पेशंटला सहसा कोणी सांगत नाही. विमा कंपनीचा कॅशलेस करार, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरण्याचा करार, हॉस्पिटलशी असतो, डॉक्टरशी नसतो. खान्देशात सुईवाटे उपचार करणारा डॉक्टर बहुधा दुसऱ्याच्या हॉस्पिटलात येऊन काम करतो. म्हणजे तोच डॉक्टर, तोच उपचार, पण एका हॉस्पिटलात कॅशलेस आणि दुसऱ्यात रोख. विम्याच्या नियमात हॉस्पिटल ठरायला दहा लाखांखालच्या लोकसंख्येच्या शहरात किमान दहा खाटा लागतात, म्हणून छोटी केंद्रे डे-केअर म्हणूनच उभी राहतात आणि पुन्हा त्याच व्याख्येपाशी येतात.

जानेवारी 2024 पासून करार नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेसची वाट उघडली. ठरलेल्या उपचाराला विमा कंपनीला 48 तास आधी कळवायचे. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यावा, असाही नियम त्याच वर्षी आला. त्या अर्जात 'हा उपचार केला नसता तर कोणते ऑपरेशन लागले असते' हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. व्याख्येतल्या 'एरवी'ला कागदावर उत्तर तिथेच देता येते.