फॅक्टर सी

नालखेकडा (हॉर्सशू क्रॅब) या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींतील एक प्रथिनभंजक विकर (एन्झाइम). जिवाणूंच्या अंतर्विषाचा संपर्क होताच ते सक्रिय होते आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला सुरुवात करून देते. नालखेकडा नावालाच खेकडा आहे. वर्गीकरणात तो कोळी व विंचू यांना अधिक जवळचा आहे. भारतात त्याच्या दोन जाती ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात. मुंबईच्या किनाऱ्याशी त्याचा संबंध नसला, तरी इथल्या औषधनिर्मितीशी तो निश्चित आहे, कारण इंजेक्शने व लशी यांची अंतर्विष-चाचणी प्रामुख्याने याच विकरावर उभी आहे.

ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग न टिकवणाऱ्या जिवाणूंच्या) बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ असतो. तेच अंतर्विष होय. नालखेकड्याच्या रक्तपेशींतील कणिकांमध्ये फॅक्टर सी निष्क्रिय अवस्थेत साठवलेले असते. लिपोपॉलिसॅकराइडमधील लिपिड-ए हा भाग त्याला चिकटला की ते स्वतःचेच विभाजन करून सक्रिय होते, मग फॅक्टर बी या दुसऱ्या विकराला जागे करते, ते गोठणविकराला, आणि ते शेवटी कोॲग्युलोजेन या विद्राव्य प्रथिनाचा तुकडा तोडून त्याचे जेल बनवते. प्रत्येक पायरीवर परिणाम वाढत जात असल्यामुळे एका मिलिलिटरमधील काही पिकोग्रॅम अंतर्विषही ओळखता येते.

फ्रेडरिक बँग यांनी 1956 मध्ये जिवाणूंमुळे नालखेकड्याचे रक्त गोठते असे दाखवले. पुढे जॅक लेविन यांच्यासह त्यांनी त्यामागचे कारण अंतर्विष असल्याचे सिद्ध केले. त्यापूर्वी ही तपासणी सशाला औषध टोचून, त्याला ताप येतो का हे पाहून केली जाई. ती टाळता येणार नव्हती, कारण पाणी उकळून किंवा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) ठेवून जिवाणू मरतात, अंतर्विष मात्र टिकते, आणि सलाईन लावल्यावर रुग्णाला हुडहुडी भरून ताप चढू शकतो. चाचणीच्या मूळ पद्धतीत रक्तपेशींचा अर्क व नमुना काचेच्या नळीत मिसळून 37 अंश सेल्सिअसला तासभर हलवू न देता ठेवतात आणि मग नळी सावकाश उलटी करतात. जेल तळाशी घट्ट राहिले तर नमुन्यात अंतर्विष आहे.

अर्कासाठी नालखेकड्यांचे रक्त काढून त्यांना परत समुद्रात सोडले जाते, पण त्यांतले काही दगावतात. सिंगापूरमध्ये डिंग जिक लिंग व हो बाऊ यांनी या विकराचा जनुक वेगळा करून ते प्राण्याशिवाय तयार करण्याचा मार्ग काढला, आणि 2021 पासून युरोपीय औषधसंहितेत त्याला स्थान आहे. आपल्याकडेही तोच मार्ग रूढ व्हायला हवा. बुरशीतील ग्लुकन या शर्करामय पदार्थामुळे अंतर्विष नसतानाही मूळ अर्क गोठू शकतो. प्राण्याशिवाय तयार केलेल्या विकराच्या चाचणीत ही चूक होत नाही.

या विकराची मर्यादा मुंबईच्याच इतिहासातून नीट कळते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तेव्हा त्यांना ताप आला. प्लेगचा जिवाणू ग्रॅम-ऋण आहे आणि उष्णतेने मारलेल्या जिवाणूंतही अंतर्विष उरते. अशा लशीत फॅक्टर सी लगेच सक्रिय झाले असते. याउलट 1902 मध्ये परळच्या प्रयोगशाळेतून पंजाबातील मुलकोवाल येथे गेलेल्या लशीने 19 जण धनुर्वाताने दगावले. धनुर्वाताचा जिवाणू ग्रॅम-धन आहे, त्याचे विष प्रथिनमय आहे आणि फॅक्टर सी त्याला प्रतिसाद देत नाही. म्हणून अंतर्विष-चाचणीत उत्तीर्ण झालेल्या औषधाचीही निर्जंतुकतेसाठी स्वतंत्र चाचणी करावीच लागते.